घरातला व्हिडिओ घरातच

मुले शिकायला आणि पुढे नोकरीला नागपूर-पुण्याकडे गेली की घरात त्यांच्या दोन वस्तू मागे राहतात: टेबलावरचा कॉम्प्युटर आणि टीव्हीखालचा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीतही अशी घरे आहेत. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर मोठ्या मुलीचे लग्न, नातवाचे बारसे, शाळेचे गॅदरिंग, कुणी हौसेने जमवलेले जुने मराठी चित्रपट असे बरेच काही साठलेले असते. ते पाहायचे म्हणजे आजीला आणि काकूला खुर्च्या ओढून कॉम्प्युटरच्या लहानशा पडद्यापुढे दाटीने बसवायचे. बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही असतो आणि त्याला जोडलेला कन्सोल हाच व्हिडिओ कॉम्प्युटरकडून मागवून दाखवू शकतो. फक्त त्या दोघांची जोडणी करून द्यावी लागते. ती कशी करायची आणि केल्यावर आत नेमके काय घडते, हे इथे सावकाश पाहू. आतले काम एकदा समजले की काही अडले तर ते कुठे अडले आहे हे आपले आपल्याला शोधता येते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्ट्रीमिंग म्हटले की लोकांना मोबाइलचा डेटा किंवा फायबरचा महिन्याचा प्लॅन आठवतो. इथे तो खर्च होत नाही. व्हिडिओ कॉम्प्युटरमधून राउटरकडे आणि राउटरकडून कन्सोलकडे जातो, घराबाहेर पडतच नाही. पावसाळ्यात फांदी पडून फायबर तुटली आणि दोन दिवस इंटरनेट बंद राहिले, तरी राउटरला वीज आहे तोवर हे काम चालू राहते.

मग पेन ड्राइव्ह काय वाईट, असे कुणी विचारेल. लहान फायलींना तो चांगलाच आहे. पण प्लेस्टेशन ३ फक्त फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह वाचतो, आणि फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. सेवाग्राम आपल्या इतक्या जवळ आहे, तेव्हा उदाहरणही तसेच घेऊ. विठ्ठलभाई झवेरी यांचा १९६८ चा ‘महात्मा: लाइफ ऑफ गांधी, १८६९-१९४८’ हा माहितीपट ३३० मिनिटांचा, म्हणजे साडेपाच तासांचा आहे. डीव्हीडीच्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला सरासरी ५ मेगाबिट लागतात असे धरा. ३३० मिनिटांचे १९,८०० सेकंद होतात. त्याला ५ ने गुणले की ९९,००० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागले की १२,३७५ मेगाबाइट, म्हणजे १२ जीबीच्या आसपास. फॅट३२ वर याचे किमान तीन तुकडे करावे लागतात. नेटवर्कवरून पाहताना ही अडचण येत नाही, कारण कन्सोल पूर्ण फाइल स्वतःजवळ ठेवतच नाही. लागेल तेवढा भाग मागतो, दाखवतो आणि पुसून टाकतो. हाच हिशेब पुढे वायफायसाठीही लागणार आहे, म्हणून तो ध्यानात असू द्या.

कन्सोलचा असा उपयोग होतो हे हौशी प्रोग्रॅमरांनी कंपन्यांच्या आधी दाखवून दिले. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा प्रोसेसर होता, हार्ड डिस्क होती, लॅनची वायर लावायला जागा होती. आतून तो कॉम्प्युटरच होता. या मंडळींनी त्यातले कंपनीचे कुलूप काढले आणि २००२ मध्ये त्यावर व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर चालवले. त्यातूनच एक्सबॉक्स मीडिया सेंटर तयार झाले आणि २०१४ पासून तेच कोडी या नावाने जगभर वापरले जाते. दरम्यान सोनी, इंटेल आणि इतर कंपन्यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे घरात एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलतील हे ठरवले. त्या पद्धतीला डीएलएनए म्हणतात. प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७ मध्ये सुमारे ४० हजार रुपयांना आला, आणि पुढच्याच महिन्यातल्या अपडेटने त्याला डीएलएनए मिळाले. ही पद्धत ठरवणारी संघटना २०१७ मध्ये बंद झाली, पण पद्धत टिकली. म्हणूनच इतक्या वर्षांपूर्वीचा प्लेस्टेशन ३ आजच्या कॉम्प्युटरशी अजून बोलू शकतो.

हे बोलणे कसे चालते ते पाहू. कॉम्प्युटरवर सर्व्हर म्हणून एक सॉफ्टवेअर चालू ठेवावे लागते. ते सुरू होताच घरच्या नेटवर्कवर २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर पुकारा करते: मी इथे आहे, माझ्याकडे व्हिडिओ आहेत, माझी माहिती अमुक ठिकाणी वाचा. हा पत्ता कुठल्या एका यंत्राचा नाही. ज्यांना ऐकायचे आहे त्या सगळ्यांसाठी तो राखून ठेवलेला आहे. कन्सोल चालू झाला की तोही त्याच पत्त्यावर विचारतो, व्हिडिओ देणारे कुणी आहे का? उत्तर मिळाले की टीव्हीच्या पडद्यावर आपल्या कॉम्प्युटरचे नाव येते. या पुकाऱ्याला मुदत असते, बहुधा अर्ध्या तासाची. त्यामुळे कॉम्प्युटरची वीज अचानक गेली तरी त्याचे नाव काही वेळ टीव्हीवर दिसत राहते आणि ते निवडले तर आत काहीच उघडत नाही. अशा वेळी कन्सोल बिघडला असे समजू नका. जुन्या पुकाऱ्याची मुदत अजून संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘कन्सोलला कॉम्प्युटर दिसतच नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा याच पुकाऱ्यात असते. हा पुकारा एका नेटवर्कमधून दुसऱ्या नेटवर्कमध्ये जात नाही. आता आपल्या घरांतली परिस्थिती पाहा. फायबरवाला आपला वायफायचा डबा बसवून जातो. जुना राउटर टाकवत नाही, म्हणून तो मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून त्या डब्याला जोडला जातो. त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात वायर घातली की घरात नकळत दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात. कॉम्प्युटर एकात, कन्सोल दुसऱ्यात. दोन्हीकडे इंटरनेट व्यवस्थित चालते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही यंत्रांच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्यांचा आयपी पत्ता पाहा. घरगुती राउटरवर एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर ती दोघे एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. उपाय असा: जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्याला मुख्य डब्याहून वेगळा पत्ता द्या, त्यातले डीएचसीपी बंद करा आणि वायर वॅनऐवजी लॅनच्या भोकात लावा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वायफायवर कन्सोल जोडला असेल तरीही हेच होते, कारण त्या वायफायवरच्या यंत्रांना घरातली इतर यंत्रे मुद्दाम दिसू दिली जात नाहीत.

दुसरी अडवणूक विंडोजच्या फायरवॉलची. सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना विंडोज परवानगी विचारते आणि घाईत आपण खिडकी बंद करून टाकतो. घरचे नेटवर्क विंडोजमध्ये ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले असले पाहिजे. ते ‘पब्लिक’ म्हणून नोंदले असेल तर बसस्टँडवरच्या वायफायला जोडल्यासारखे समजून विंडोज कॉम्प्युटरला लपवून ठेवते.

ओळख पटल्यावर कन्सोल फोल्डरची यादी मागतो. सर्व्हर प्रत्येक व्हिडिओचे नाव, लांबी, प्रकार आणि तो मिळण्याचा पत्ता पाठवतो. तुम्ही एक व्हिडिओ निवडलात की कन्सोल त्या पत्त्यावर जाऊन फाइल मागू लागतो, अगदी ब्राउझर एखादे पान मागतो त्याच पद्धतीने. मागताना त्याला ‘अमुक क्रमांकाच्या बाइटपासून पुढचे दे’ असे सांगता येते. तुम्ही रिमोटने चित्रपट थेट मध्यंतरापर्यंत पुढे नेता तेव्हा पडद्यामागे एवढेच घडते. मधला भाग कुणी पाठवत नाही आणि कुणी वाचतही नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. एमपी४ फाइलमध्ये कोणते चित्र कितव्या बाइटवर आहे याची सूची असते आणि पुष्कळ सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी लिहितात. मग कन्सोलला आधी शेवट मागवावा लागतो आणि नंतर सुरुवात. व्हिडिओ सुरू व्हायला वेळ लागतो, आणि काही यंत्रे तेवढ्यात हार मानतात. हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ अशी खूण करायची सोय असते. ती केली की सूची फाइलच्या आरंभी येते.

आता या सगळ्यातला खरा अवघड भाग, म्हणजे फाइलचा प्रकार. ‘नाव दिसते, पण चालत नाही’ या तक्रारीचे कारण जवळजवळ नेहमी इथेच सापडते. व्हिडिओची फाइल म्हणजे जेवणाचा डबा आहे असे समजा: डब्याचा आकार वेगळा आणि आत भरलेला पदार्थ वेगळा. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावे. आतल्या चित्राचे प्रकार म्हणजे एमपीईजी-२, एच.२६४, एच.२६५, आणि आवाजाचे म्हणजे एएसी, एसी३, डीटीएस. कन्सोलला डबाही उघडता आला पाहिजे आणि आतले चित्र व आवाज, दोन्ही उलगडता आले पाहिजेत. प्लेस्टेशन ३ एच.२६४ चे चित्र उत्तम दाखवतो, पण तेच चित्र एमकेव्हीमध्ये असेल तर तो फाइल उघडतच नाही. प्लेस्टेशन ४ ला जून २०१५ मध्ये मीडिया प्लेअर हे ॲप मिळाले आणि त्याला एमकेव्ही चालते. आजचे मोबाइल ज्या एच.२६५ मध्ये चित्रीकरण करतात ते प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोघांच्याही आवाक्याबाहेरचे आहे, कारण तो प्रकार २०१३ मध्ये ठरला आणि ही यंत्रे त्याच्या कितीतरी आधीची.

डबा बदलणे आणि आतला माल बदलणे या दोन कामांत फार अंतर आहे. एमकेव्हीतले एच.२६४ काढून एमपी४ मध्ये ठेवायचे असेल तर चित्राला हात लावावा लागत नाही. दोन तासांच्या चित्रपटाला जुन्या कॉम्प्युटरवरही काही मिनिटे पुरतात आणि दर्जात तसूभरही फरक पडत नाही. एच.२६५ चे एच.२६४ करायचे असेल तर मात्र प्रत्येक चित्र उलगडून पुन्हा नव्याने बांधावे लागते. त्याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरला दोन तासांच्या एचडी चित्रपटासाठी त्यात कित्येक तास लागू शकतात.

सर्व्हर सॉफ्टवेअर हे काम चालत्या व्हिडिओतही करू शकतात: इकडे बदलत जायचे, तिकडे पाठवत जायचे. त्यासाठी बहुतेक सर्व्हर आतून एफएफएमपेग हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००० मध्ये सुरू केले, आणि जगातले बहुतेक व्हिडिओ कुठे ना कुठे त्याच्या हातून जातात. प्लेस्टेशन ३ साठी २००८ मध्ये आलेला पीएस३ मीडिया सर्व्हर आणि त्यातून २०१२ मध्ये निघालेला युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर याच कामासाठी लोकप्रिय झाले. कन्सोल कोणता आहे ते ओळखून त्याला पचेल अशा रूपात ते व्हिडिओ बदलून देतात.

सोय मोठी आहे, तरी माझा सल्ला असा की चालत्या व्हिडिओत ट्रान्सकोडिंग शक्यतो होऊ देऊ नका. जुना कॉम्प्युटर सेकंदाला २५ चित्रे तयार करू शकला नाही तर व्हिडिओ दर मिनिटाला थबकतो, आणि दोष वायफायला दिला जातो. रिमोटने पुढे जाणेही कठीण होते, कारण पुढचे बाइट अजून तयारच झालेले नसतात. त्यातून वर्ध्याचा मे महिना. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना कॉम्प्युटरचा प्रोसेसर तीन तास पूर्ण ताकदीने राबवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे आहे. त्यापेक्षा प्रत्येक फाइल एकदाच, रात्री, पंख्याखाली बदलून ठेवावी. पुढे कितीही वेळा पाहिली तरी कॉम्प्युटरला फक्त बाइट उचलून द्यावे लागतात, आणि ते काम अगदी जुनाट यंत्रही सहज करते.

कोणत्या रूपात बदलायची, याचे सगळ्या कन्सोलना चालणारे एक उत्तर आहे. डबा एमपी४, चित्र एच.२६४, ८ बिट, ‘हाय’ प्रोफाइल, लेव्हल ४.१, आकार जास्तीत जास्त १९२० गुणिले १०८०, गती सेकंदाला ८ मेगाबिटपर्यंत, आवाज दोन चॅनेलचा एएसी. हँडब्रेकमध्ये हे एकदा भरून ठेवले की सगळ्या फायली रांगेत लावून झोपायला जाता येते.

लग्नाच्या व्हिडिओंची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि घराघरांत सर्वांत मोलाचे तेच असतात. लग्नाच्या डीव्हीडीवर साधारणपणे कुलूप नसते. आतल्या व्हिडिओ-टीएस फोल्डरमध्ये एकेक जीबीचे व्हीओबी तुकडे असतात, ते क्रमाने जोडून एकच एमपीजी फाइल करता येते. प्लेस्टेशन ३ ही एमपीईजी-२ फाइल जशीच्या तशी चालवतो, काही बदलायची गरज नाही. एक्सबॉक्स ३६० ती चालवत नाही, त्याच्यासाठी एच.२६४ करावेच लागते. करताना दोन गोष्टी सांभाळा. त्या काळच्या कॅमेऱ्यांनी सेकंदाला २५ पूर्ण चित्रांऐवजी ५० अर्धी चित्रे टिपली आहेत, एका वेळी विषम ओळी आणि दुसऱ्या वेळी सम ओळी. त्यांची नीट सांगड न घालता रूपांतर केले तर नवरी मान वळवते तेव्हा तिच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, आणि एकदा पक्क्या झालेल्या या रेघा नंतर जात नाहीत. म्हणून हँडब्रेकमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू ठेवा आणि ५० पूर्ण चित्रांचा पर्याय मिळाला तर तोच घ्या. वरातीतला नाच त्यात मुळाइतका सफाईदार दिसतो. दुसरे म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण. ७२० गुणिले ५७६ चे जुने चित्र ४:३ प्रमाणात दाखवायचे असते. ते आजच्या रुंद टीव्हीवर ताणून भरले की सगळे वऱ्हाड जाडजूड दिसू लागते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

डीव्हीडीच्याही आधीच्या कॅसेट असतील तर त्यांचे काम सगळ्यांत आधी हाती घ्या. मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास कॉम्प्युटरवर घेतला की सुमारे १३ जीबी होतो. त्याला कॅमेरा आणि फायरवायरचे सॉकेट लागते, जे आजच्या लॅपटॉपवर नसते. अशा वेळी घरातला जुना कॉम्प्युटर उपयोगी पडतो. मोठ्या व्हीएचएस कॅसेटसाठी व्हीसीआर हवा, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतले व्हीसीआर आता दर वर्षी कमीच होत जाणार.

वायफायचा प्रश्न तुलनेने सरळ आहे. मघाचा हिशेब इथे वापरायचा. डीव्हीडीच्या दर्जाला सेकंदाला ५ ते १० मेगाबिट, वर सांगितलेल्या एमपी४ ला ८, मिनी डीव्हीच्या मूळ फाइलला सुमारे २९. प्लेस्टेशन ३ चे वायफाय जुन्या ‘जी’ प्रकारचे आहे. कागदावर ते ५४ मेगाबिटचे, प्रत्यक्षात एकाच खोलीत २० च्या आसपास, आणि मध्ये विटांच्या दोन भिंती आल्या की त्याहून बरेच कमी. पहिल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये वायफाय नव्हतेच, ते २०१० च्या नव्या आवृत्तीत आले. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की कॉम्प्युटरही वायफायवर आणि कन्सोलही वायफायवर असेल तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून, आणि गती निम्म्यावर येते. किमान कॉम्प्युटर तरी वायरने जोडा. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते, म्हणजे वरच्या मजल्यावरून गॅलरीतून खाली आणली तरी अडचण नाही. साध्या १०० मेगाबिटच्या वायरीतून मिनी डीव्हीची मूळ फाइलसुद्धा आरामात जाते. वायर टाकण्याचा एका दिवसाचा खटाटोप महागड्या राउटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यक्ष जोडणीला फार वेळ लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क विभागात ‘मीडिया स्ट्रीमिंग’ चालू करण्याचा पर्याय आधीपासून आहे. साध्या एमपी४ फायलींना तो पुरतो. जास्त सोयी हव्या असतील तर युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर किंवा जेलीफिन बसवा, दोन्ही फुकट आहेत. जेलीफिनमध्ये २०२४ पासून डीएलएनए वेगळ्या प्लगइनच्या रूपात मिळते, ते आठवणीने टाका. सर्व्हरला संपूर्ण डिस्क न देता फक्त व्हिडिओंचा एक फोल्डर द्या. डीएलएनएला पासवर्ड नसतो. वायफायवर जो आहे त्याला फोल्डरमधले सगळे दिसते, आणि आपल्याकडे वायफायचा पासवर्ड शेजारच्या दोन-चार घरांपर्यंत सहज पोहोचलेला असतो. कॉम्प्युटरची झोपण्याची वेळही वाढवा, नाहीतर अर्ध्या चित्रपटात तो झोपी जातो.

प्लेस्टेशन ३ वर सेटिंगमधल्या नेटवर्क विभागात मीडिया सर्व्हरची जोडणी चालू केली की व्हिडिओच्या रकान्यात कॉम्प्युटरचे नाव येते. प्लेस्टेशन ४ वर आधी मीडिया प्लेअर उतरवून घ्यावे लागते. एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरच्या यंत्रांवर कोडी, व्हीएलसी, जेलीफिन, प्लेक्स यांतले काहीही चालते, आणि या कामाला सध्याच्या कन्सोलमध्ये तेच सर्वांत सोयीचे आहेत. प्लेस्टेशन ५ घेणाऱ्यांची मात्र निराशा होते. सोनीने त्यात डीएलएनए ठेवलेले नाही. तिथे प्लेक्सचे ॲप घ्यावे लागते, आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर प्लेक्सचा सर्व्हर व इंटरनेटवर प्लेक्सचे खाते हवे.

मराठी उपशीर्षके हवी असतील तर एक सूचना. कन्सोलच्या आतल्या प्लेअरना देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवता येतीलच असे नाही. चौकोन दिसतात किंवा अक्षरे सुटी पडतात. रूपांतर करतानाच उपशीर्षके चित्रावर छापून घेणे हा खात्रीचा मार्ग आहे. त्यासाठी उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असावी. संग्रहात काय ठेवावे याबद्दलही थोडे सांगतो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ हे दोन्ही त्या मुदतीपलीकडे गेलेले आहेत. घरातल्या लहानांना मोठ्या पडद्यावर दाखवावे असे याहून चांगले थोडेच असेल.

या कामासाठी नवा कन्सोल विकत घ्यावा का? घेऊ नये. पहिला जाड प्लेस्टेशन ३ नुसता व्हिडिओ दाखवतानाही दीडशे वॅटच्या वर वीज घेतो, आणि टीव्हीला लावायची लहान स्टिक हेच काम पाच वॅटच्या आत करते. व्हीएलसी आणि कोडी अशा बऱ्याच स्टिकवरही चालतात. पण कन्सोल घरात आधीच असेल, चालू असेल, आणि आठवड्यातून एक-दोनदा सगळ्यांनी मिळून काही पाहायचे असेल, तर तो जरूर वापरा. त्याला शोकेसच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, मागच्या जाळीतली धूळ साफ करा आणि चारही बाजूंना हवा खेळू द्या.

एक काम मात्र कन्सोल आणि राउटर जोडण्याच्याही आधीचे आहे. या व्यवस्थेत सगळे व्हिडिओ कॉम्प्युटरच्या एकाच हार्ड डिस्कवर असतात. कन्सोल त्यातले काहीच साठवत नाही. कन्सोल बिघडला तर दुसरा मिळेल, पण ती डिस्क बंद पडली तर लग्नाची फाइल परत मिळणार नाही. म्हणून बाहेरून लावायच्या एका डिस्कवर सगळ्याची दुसरी प्रत या आठवड्यातच काढा, आणि ती आपल्या घरात न ठेवता बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवायला द्या.